धुराड्यावरचा तुरा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि हैबती मरगळे कमरेइतक्या खोल खड्ड्यात बसून गुळाच्या भट्टीत, म्हणजे चुलवणात, जाळ घालत होता. लढाईपायी सरकारने घड्याळं तासभर पुढे सरकवली होती, त्यामुळे मानसिंगरावांच्या गुऱ्हाळात मेढीला टांगलेलं घड्याळ काहीही म्हणो, शिवरे गावावर अजून धड उजाडलं नव्हतं. १९४३ सालच्या जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. शिवगंगा नदीवरून येणारी थंडी खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबत होती. खाली, जाळाच्या तोंडाशी, हैबतीच्या अंगात बंडीसुद्धा नव्हती.

त्याच्या डाव्या हाताला चिपाडाचा ढीग होता, उजव्या हाताला लाकडं. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड भसकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं. लाकूड उशिरा धरतं, पण धरलं की सोडत नाही. हैबती दोन्ही मिळून घालायचा. चिपाडाचा कवळा आत गेला की मागोमाग ऐनाचं किंवा धावड्याचं फाटं, मग लांब सळईने एक ढोसणी, मग पुन्हा कवळा. यात खंड पडत नसे. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस जाळाला घास भरवतो आहे.

वर, त्याच्या डोक्यापलीकडे, लोखंडी काहिलीत उसाचा रस उकळत होता आणि काहिलीशी झारा घेऊन गुळव्या उभा होता. त्याचं नाव चिमाजी. गूळ बनवायचं सगळं कसब त्याचं. मळी कधी काढायची, फेस कधी मोडायचा, काहील कधी उतरवायची हे त्याने ठरवायचं. पण त्याला जाळ दिसत नसे, आणि हैबतीला रस दिसत नसे. मध्ये काहिलीचं बूड आणि मातीची भिंत. दोघांचं बोलणं ठोक्यांनी चाले. चिमाजीने झाऱ्याचा दांडा काहिलीच्या कडेवर एकदा आपटला की जाळ वाढवायचा, दोनदा आपटला की आवरायचा. इतकी वर्षं दोघं एकत्र राबले, पण कामाच्या वेळी एकमेकांचं तोंड त्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

हैबती मूळचा राजगडाखालच्या पाल गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातला. तरुण असताना एका सालात त्याची मेंढरं रोगाने गेली, आणि दिवाळीनंतर तो बायकोला, सोजराबाईला, घेऊन खाली शिवऱ्याला उतरला. पहिल्या हंगामात त्याने ऊस वाहिला. दुसऱ्या हंगामात जाळ घालणाऱ्याचा पाय भाजला आणि हैबतीला खड्ड्यात उतरवलं. तेव्हापासून दर साली दिवाळी ते होळी तो त्या खड्ड्यात असे. त्याच्या भुवया पहिल्याच साली जळाल्या, त्या पुन्हा नीट आल्या नाहीत. हाताची कातडी चामड्यासारखी झाली होती. पेटलेलं फाटं तो चिमटा न घेता सरळ उचलून आत सारी. आवाजावरून त्याला जाळ कळे. फडफड झाली की चिपाड ओलं, घरघर झाली की राख साचली.

पण त्याचं नाव झालं होतं ते तुऱ्यासाठी. चुलवणाच्या मागे मातीचं धुराडं होतं. जाळ जोरात असला की त्या धुराड्याच्या तोंडातून ज्वाळेचं टोक बाहेर येई आणि फेट्याच्या तुऱ्यासारखं वर उभं राही. हंगामाच्या पहिल्या काहिलीला तुरा निघालाच पाहिजे, अशी त्या बाजूची रीत होती. ज्या गुऱ्हाळाचा तुरा उंच, त्या गुऱ्हाळाचा जाळ चांगला, म्हणजे जाळ घालणारा चांगला, म्हणजे गूळही चांगला, असा लोकांचा हिशेब होता. हैबतीचा तुरा माणसाच्या उंचीएवढा निघे. भल्या पहाटे भोरकडे निघालेले गाडीवान कापूरहोळच्या अलीकडूनच तो पाहत आणि म्हणत, मानसिंगरावांचं गुऱ्हाळ लागलं. इतर गुऱ्हाळांचे मालक येऊन हैबतीला आपल्याकडे चल म्हणून विचारून जात. तो हसून नाही म्हणे.

त्या सकाळी काहील उतरल्यावर मानसिंगराव खड्ड्याच्या काठावर येऊन बसले. ते हैबतीहून वयाने लहान होते आणि त्याला बाबा म्हणत. लाकूड संपत आलं आहे, हे त्यांनी सांगितलं. ते हैबतीलाही दिसत होतं; उजव्या हाताचा ढीग दर दिवशी खचत होता. पेट्रोल मिळेना म्हणून पुण्याच्या मोटारी आता कोळशाच्या धुरावर चालत होत्या, आणि त्या कोळशासाठी ठेकेदार डोंगरच्या डोंगर उचलत होते. गुऱ्हाळाला मोळी द्यायला कोणी उरलं नव्हतं. निम्मा ऊस अजून शेतात उभा होता.

"अवसेपतूर बघतो, बाबा," मानसिंगराव म्हणाले. "निरेच्या अंगाला एक माणूस हाय म्हणं, निसत्या चिपाडावर काहील उतरिवतो. त्याला सांगावा धाडलाय. तुमचं जमलं तर बरंच हाय."

"आन न्हाई जमलं तर?"

मानसिंगराव धुराड्याकडे पाहत राहिले. "तर तुमी बैलांकडं बघा."

ते उठून गेल्यावर हैबतीने सळई हातात घेतली आणि उगाच राख उकरली. चरकाचे बैल हाकायचं काम वाईट नव्हतं. ते म्हादू करत होता आणि मजेत होता. पण म्हादूला रस्त्यावरचे गाडीवान ओळखत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने लाकूड कमी केलं. त्याला वाटलं, हात आवरला की झालं. पण चुलवणाचं तोंड मोठं होतं आणि मागचं भोकही मोठं; थोडा जाळ घातला की तो काहिलीच्या बुडाला शिवायच्या आधीच सरळ मागे पळे आणि धुराड्यात शिरे. वरून चिमाजीचा एक ठोका येई. मग आणखी एक. रस उकळीवरून खाली बसला, पुन्हा चढवायला दुप्पट चिपाड गेलं, आणि गूळ उतरला तो काळपट, मऊ. ढेप बांधली तर बसकी झाली. बैल सोडता सोडता म्हादूने खड्ड्यात डोकावून विचारलं, "दाजी, तुरा कुटं गेला? का अवसेआदीच अवस केली?" चिमाजीने ती ढेप उचलून मागच्या बाजूला ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

हैबतीने राग काढला तो सोजराबाईवर. ती गावच्या बायकांबरोबर रोज पहाटे डोंगरावर जाऊन गुऱ्हाळासाठी मोळी आणत असे. अलीकडे मोळी लहान येत होती आणि यायला दुपार होत होती. बायका वाटेत बसत असणार, असं तो म्हणाला. सोजराबाई त्या वेळी त्यांच्या खोपीत चुलीवर भाकरी टाकत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "उद्या चला की संगट. बघा कुटं बसतो आमी."

दुसऱ्या दिवशी ती सकाळची मोळी टाकून आल्यावर, दुपारी त्याने म्हादूला खड्ड्यात बसवलं आणि तो तिच्याबरोबर दुसऱ्या खेपेला निघाला. इतक्या हंगामांत गावामागच्या डोंगरावर तो लाकडासाठी पहिल्यांदाच चढत होता. त्याच्या आठवणीत पहिल्या टेपावर, डोंगराच्या पहिल्या सपाटीवर, झाडी होती. तिथे आता खुंट होते, आणि खुंटांतून करवंदीची झुडपं. सोजराबाई थांबली नाही. दुसऱ्या टेपावर कोळशाच्या भट्ट्यांचे काळे गोल पडलेले होते, पाऊल टाकलं की अजून राख उडे. तिथेही ती थांबली नाही. उतारावरून पाण्याने माती ओढून नेली होती आणि मुळं उघडी पडली होती. ती डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन पुढे चालत होती, हैबती मागे धापा टाकत होता. जाळ घालणाऱ्याचे पाय बसून बसून आखडलेले असतात. अखेर पलीकडच्या घळीत, जिथे ठेकेदाराची माणसं उतरली नव्हती, तिथे वाळकी फाटी मिळाली. ती दोघांनी गोळा केली. मोळी भरली, पण मोठी नव्हती. सोजराबाईने ती डोक्यावर घेतली. हैबतीने द्यायला सांगितली, तर म्हणाली, वाट अवघड आहे, तुम्ही आधी आपले पाय सांभाळा.

परत येताना अंधारू लागलं. वरच्या टेपाच्या कडेवर आले तेव्हा सगळं खोरं खाली पसरलेलं होतं. नदीची पांढुरकी रेघ, रस्ता, गावातले चार दिवे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो तुरा उभा होता.

हैबती जागीच थांबला. आयुष्यात त्याने आपला तुरा कधी पाहिला नव्हता. जाळ घालणारा खड्ड्यात असतो, तोंड चुलवणाकडे. त्याने हात थांबवून वर येऊन पाहावं, तोवर तुरा खाली बसतो. लोक सांगत, ते त्याने ऐकलं होतं. आता म्हादू खाली जीव खाऊन जाळ घालत होता आणि धुराड्यावर ती पिवळी-तांबडी ज्वाळा सरळ, निमुळती, वाऱ्याला न जुमानता उभी होती. तिच्या उजेडात गुऱ्हाळाचं छप्पर दिसत होतं, चिपाडाचा ढीग दिसत होता, रस्त्यावरचं एक झाडसुद्धा दिसत होतं. इतक्या लांबून तिचा आवाज येत नव्हता, आणि आवाज नसल्यामुळे ती जास्तच मोठी वाटत होती. हे आपण करतो, हे त्याला खरं वाटेना.

सोजराबाईही थांबली होती. मोळीखाली मान ताठ धरून तीही तिकडेच पाहत होती.

"ती बघा," ती म्हणाली. "माजी सकाळची मोळी चालली."

तिने ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. दिसलं ते सांगितलं. हैबती बराच वेळ पाहत राहिला. काहील खाली होती, छपराआड. ज्वाळा होती ती वर, आभाळात. तिथे उकळायला काहीच नव्हतं.

खोपीत आल्यावर सोजराबाईने चूल पेटवली. तिच्या चुलीला मागच्या बाजूने वैल होता, म्हणजे चुलीच्या पोटातून जाळ जाईल असं दुसरं भोक. पुढे भाकरी भाजायची आणि पुढून निसटलेल्या जाळावर मागे कालवण शिजवायचं. त्या बाजूच्या प्रत्येक घरात असा वैल असतो. हैबती जन्मापासून त्याच्यावरचं कालवण खात आला होता. त्या संध्याकाळी तो चुलीसमोर उकिडवा बसला, वैलावरचं मडकं उचलून आत डोकावला, मडकं परत ठेवलं, पुन्हा उचललं. सोजराबाई वैतागली. कालवण शिजू द्यायचं आहे का नाही, असं तिने विचारलं. त्याने वैलाचं भोक केवढं ठेवतात, हे विचारलं.

अमावास्येला गुऱ्हाळ बंद असे. त्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत. चुलवण निवलं होतं. हैबतीने कुदळ घेतली आणि चुलवणाची मागची भिंत फोडली.

चिमाजी धावत आला. हंगामाच्या पहिल्या दिवशी चुलवणाची पूजा होते, नारळ फुटतो, आणि मग होळीपर्यंत त्याला कुदळ लावत नाहीत, हे कोणाला नव्याने सांगायची गरज नव्हती. चिमाजीने तरी सांगितलं. शिवाय हे फसलं तर उद्या दोघांचीही चूल बंद, हेही सांगितलं. हैबतीने त्याला तुऱ्याचं सांगितलं. वरून कसा दिसतो ते, आणि सोजराबाई काय म्हणाली ते. चिमाजी ऐकून घेऊन कडेला बसला. थोड्या वेळाने उठला आणि गोठ्यामागे पालथी पडलेली जुनी, ठिगळ लावलेली काहील म्हादूच्या मदतीने ढकलत घेऊन आला.

धुराडं पाडून सहा हात मागे नेलं. मध्ये जमिनीखालून जाळाची वाट खणली आणि तिच्यावर जुनी काहील बसवली. इथवर पुरुषांनी केलं. दोन काहिलींच्या मधला गळा, म्हणजे जाळ मागे जायचं भोक, मात्र हैबतीला जमेना. त्याने तो आधी ऐसपैस ठेवला. सोजराबाई मातीचा चिखल तुडवत होती, ती पाय धुऊन आली आणि खड्ड्यात उतरली. एवढा गळा ठेवला तर जाळ पुढे थांबणारच नाही, मागेच पळेल, असं ती म्हणाली. तिने दगड रचून तो बुजवत आणला. फार बुजवला तर धूर उलटून तोंडावर येतो, म्हणून मग थोडा सोडला. गळ्याच्या अलीकडे तिने आडवा बुटका बांध घातला, घरच्या चुलीत घालतात तसा, म्हणजे जाळ त्याच्यावर आपटून आधी वर उठेल. चुलवणाचं पुढचं तोंडही तिने अर्धं लिंपून टाकलं. हैबतीने विचारलं, एवढ्या तोंडातून मी कवळा घालू कसा?

"ल्हान घाला," ती म्हणाली. "जाळ तुमी घालता, चुली आमी घालतो. आमाला म्हाईत हाय."

चिमाजी वरून हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलंच हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ धरेना. माती ओली होती. धूर उलटून खड्ड्यात भरला, हैबती खोकत बाहेर आला, पुन्हा उतरला. चिपाडही दवाने दमट होतं; ढिगाच्या आतलं वाळलेलं उपसून काढावं लागलं. पेटवायला त्याने सोजराबाईची ती शेवटची लहान मोळी वापरली. मग मातीतली ओल गेली, आणि एकदम आवाज बदलला.

आधी या चुलवणाचा जाळ गर्जायचा. आता तो घुमू लागला, मोठ्या रांजणात तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा. हैबती वाकला आणि अर्ध्या तोंडातून आत पाहिलं. ज्वाळा बांधावर आदळून वर उठत होती आणि काहिलीच्या सगळ्या बुडाला चिकटून कडेपर्यंत पसरत होती, उमललेल्या फुलासारखी. मग कडेवरून वळून, आखडून, त्या गळ्यातून मागे जात होती. ती घाईत नव्हती. बुडाचं सगळं लोखंड तांबूस दिसत होतं. त्याने एक लहान कवळा टाकला. तो पुरता जळेपर्यंत थांबला. मग दुसरा. उजवा हात सवयीने लाकडाकडे गेला आणि तसाच परत आला.

वरून ठोका येईना. तो वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने दोन ठोके आले, जाळ आवर. हैबतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा दोन आले. मग चिमाजीचं डोकं खड्ड्याच्या काठावर दिसलं, कामाच्या वेळी, काहील सोडून.

"हैबती," तो हळू आवाजात म्हणाला, "मागच्या काहिलीत बोट घालवंना."

मागे पुढच्या खेपेचा कच्चा रस भरून ठेवला होता. त्याच्याखाली कोणी एक काडी घातली नव्हती. तो वाफाळत होता, कडेने मळी आपोआप वर येऊन जमत होती. पहिली काहील उतरली तेव्हा तो गरम रस बादल्यांनी तिच्यात ओतला आणि बघता बघता त्याला उकळी फुटली. चरक ओढणारे बैल त्या दिवशी पहिल्यांदा मागे पडले. म्हादूला हाकून हाकून घसा बसला.

धुराड्यावर काही नव्हतं. थोडी पांढरी वाफ, बाकी हवा थरथरताना दिसे, तेवढीच. मानसिंगराव रस्त्याकडून लगबगीने आले ते चूल पेटली नाही असं समजून. वाटेत दोघा गाडीवानांनी त्यांना गुऱ्हाळ बंद का म्हणून विचारलं होतं. आत येऊन त्यांनी उकळती काहील पाहिली, मागची पाहिली, मग धुराड्यापाशी गेले आणि त्याच्यावर तळहात ठेवला. हात ठेवून उभं राहता येत होतं. ते तसेच उभे राहिले.

निरेकडचा माणूस दुपारी पोहोचला. कुंडलिक नाव, खांद्यावर घोंगडी, हातात स्वतःची सळई. त्याने धुराडं पाहिलं, दोन्ही काहिलींभोवती फेरी मारली आणि मग खड्ड्यात उतरून हैबतीच्या शेजारी बसला. दोघं अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून जाळाकडे पाहत होती. हैबती कवळा घाली, कुंडलिक आत पाहत राही. एकदा त्याने तंबाखूची चंची पुढे केली. चार-पाच कवळे गेल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडं यकच काहील असती. मागचा जाळ आमी सोडून देतो." मग आणखी थोडा वेळ पाहून म्हणाला, "ह्यो गळा कुनी बांदला?"

"मंडळीनं."

कुंडलिकने मान हलवली. गळा केवढा आहे ते त्याने डोळ्यांनी पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. वर येऊन त्याने मानसिंगरावांना सांगितलं, "हितं माजं काम न्हाई." ते त्याला राहा म्हणत होते. तो जेवला, नव्या गुळाचा खडा तोंडात टाकला आणि सळई घेऊन कापूरहोळच्या रस्त्याला लागला. गूळ पिवळा उतरला होता. चिमाजीने ती ढेप पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली होती.

अंधार पडल्यावर शेवटची काहील उतरली. हैबती वर आला, अंगावर बंडी चढवली आणि गुऱ्हाळाच्या मागे जाऊन उभा राहिला. आत जाळ अजून होता. धुराडं काळं आणि गप्प होतं, त्याच्यावर चांदण्या दिसत होत्या. रस्त्यावरून एक गाडी गेली. गाडीवानाने या बाजूला मान वळवलीही नाही. चिमाजी झारा धुऊन त्याच्या मागे आला आणि विचारलं, काय बघतोस. हैबतीने धुराड्याला हात लावला, जरा वेळ तसाच ठेवला. "ऐक," तो म्हणाला. दोघांनी ऐकलं. मातीच्या पोटात जाळ बारीक घुमत होता.

उजव्या हाताचा लाकडाचा ढीग सकाळी होता तेवढाच होता. उद्या सात वाजता पहिली काहील चढणार होती, आणि ऊन वर येईल तेव्हा सोजराबाई डोंगरावर नव्हे, तर गुऱ्हाळासमोरच्या खळ्यावर, कालचं चिपाड उन्हात पसरत असणार होती.